अकरा घरांची संध्याकाळ

सुनावणीला सामान्य माणसाने यावं म्हणून वीज आयोग दरवर्षी वर्तमानपत्रात जाहिरात देतो. ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते. मग सामान्य माणूस येत नाही, आणि ‘लोकांना रस नाही’ असं अहवालात लिहायला आयोग मोकळा. सभागृहात खुर्च्या ऐंशी. पुढच्या चाळीसांवर कंपन्यांची माणसं, त्यांचे वकील आणि वकिलांचे मदतनीस. मागच्या चाळीस वर्षानुवर्षं रिकाम्या.

यंदा मात्र अगदी शेवटच्या रांगेत एक म्हातारा येऊन बसला होता. मांडीवर कापडी पिशवी, पायांत झिजून एका बाजूला कललेले बूट. मंचाच्या डाव्या हाताला टेबलाशी बसलेल्या बाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा तक्त्यात डोकं घातलं. ही आयोगाची मुख्य हिशेबनीस. ऑफिसात तिला फुटपट्टी म्हणत, आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. फुटपट्टी कधी खोटं बोलत नाही, एवढंच तिचं म्हणणं असे. ते पुढे तिच्याच अंगाशी आलं.

तिचं काम सांगायला सोपं होतं. ज्या घरांनी कुठल्याच कंपनीची कुठलीच योजना कधी निवडली नाही, त्यांना एक मूळ दर लागतो. न निवडणाऱ्यांना कंपन्यांनी ओरबाडू नये, म्हणून हा दर आयोग ठरवून देतो. त्यासाठी फुटपट्टी कागदावर एक घर उभं करी. त्याला म्हणायचं नमुना घर. ते वर्षाला किती वीज वापरतं, आणि मुख्य म्हणजे केव्हा वापरतं, यावर सगळं अवलंबून. कारण बाजारात विजेचा भाव दिवसभर सारखा नसतो. दुपारी लख्ख ऊन, सौर वीज मुबलक, भाव पडलेला. संध्याकाळी सातला सारी दुनिया घरी येऊन एकदम बटणं दाबते आणि भाव कडाडतो. यंदाच्या मसुद्यात नमुना घर निम्मी वीज संध्याकाळच्या चार तासांतच वापरत होतं, आणि म्हणून मूळ दर शेकडा चौदाने वाढणार होता.

म्हाताऱ्याचा नंबर सगळ्यांत शेवटी आला. कंपन्यांना वीस-वीस मिनिटं, नागरिकांना तीन. तो माईकपाशी जाऊन उभा राहिला आणि सरळ फुटपट्टीकडेच बघून बोलायला लागला.

“मी मीटर रीडर होतो. एकतीस वर्षं दारोदार फिरून रीडिंग घेतलं. बाई, तुमच्या तक्त्यात हे जे घर आहे, ते मी कधी पाहिलेलं नाही.”

पुढच्या रांगांत कुणीतरी हसलं. म्हातारा थांबला नाही. त्याने सांगितलं की जुन्या मीटरमध्ये एक चकती असते, वीज चालू असली की फिरते, जास्त वापरली की पळते. रीडर दिवसा फिरतो, पण घर बंद असलं तर संध्याकाळी पुन्हा जावं लागतं, आणि एका बंद घरासाठी गेलं तरी फळीवरचे सगळेच मीटर दिसतात. जुन्या मीटरवाली घरं म्हणजे बहुतेक म्हातारी माणसं. त्यांचं रांधणं, धुणं, इस्त्री, सगळं दुपारी एकच्या आत उरकतं. सात वाजता त्यांच्या चकत्या झोपलेल्या असतात. म्हणजे तक्त्यात लिहिलंय त्याच्या बरोबर उलटं. तो पिशवीतून काहीतरी काढत होता तेवढ्यात घंटा वाजली. कंपन्यांचा वकील उठून गोड आवाजात म्हणाला की आजोबांच्या आठवणी फार मोलाच्या आहेत, पण आठवणी म्हणजे आकडेवारी नव्हे. अध्यक्षांनी मान डोलावली. चहा आला.

फुटपट्टीला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो म्हाताऱ्याचाच आला. तेवीस वर्षं आपण एकेक दशांश घासूनपुसून ठेवायचा आणि कुणीही उठून म्हणायचं की असं घरच नाही. तिने ठरवलं, याला लेखी उत्तर पाठवायचं, आधारासकट. दुपारी तिने मसुद्यातली तळटीप काढली: ‘जुन्या मीटरच्या घरांची वापराची वेळ नव्या मीटरच्या घरांप्रमाणेच धरली आहे. आधार: गेल्या वर्षीचा आदेश.’ तिने गेल्या वर्षीचा आदेश काढला. त्यात आधार म्हणून त्याच्या मागच्या वर्षीचा. त्यात त्याच्या मागचा. कपाटापाशी जमिनीवर बसून ती एकेक वर्ष मागे जात राहिली आणि अकरा वर्षांपूर्वीच्या फाइलपाशी पोचली. तिथे आधार नव्हताच. तिथे लिहिलं होतं: ‘माहितीअभावी तूर्तास नव्या मीटरच्या घरांप्रमाणे धरावी.’ खाली सही तिची स्वतःची.

मग तिला तो दिवस आठवला. सहाला फाइल वर जायची होती आणि पावणेसहाला हा रकाना रिकामा दिसला. जुना मीटर वीज किती ते सांगतो, केव्हा ते सांगत नाही. तिने वाक्य लिहिलं, पुढच्या वर्षी नीट मोजू म्हणाली, आणि पुढच्या वर्षी दुसरंच काही निघालं. तिसऱ्या वर्षी कुणीतरी मजकूर सुटसुटीत करताना ‘तूर्तास’ खोडून टाकलं, आणि एका घाईच्या वाक्याची पद्धत होऊन बसली.

यात आणखी एक मेख होती, आणि ती फुटपट्टीला तिथेच जमिनीवर बसल्या बसल्या कळली. नवा मीटर बसतो केव्हा? कंपनी बदलली, नवी योजना घेतली की. जो कधीच बदलत नाही त्याच्याकडे जुनाच राहतो. आणि मूळ दर कुणाला? जो कधीच बदलत नाही त्याला. म्हणजे ज्या दोन लाख घरांसाठी हा दर होता, त्यांतलं एकही घर मोजणीत नव्हतं. शेजाऱ्याच्या अंगाचं माप घेऊन अकरा वर्षं यांचे कपडे शिवले जात होते, आणि शिलाई मात्र यांच्याकडून. तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ओरडायचं कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सुनावणीच्या वहीत म्हाताऱ्याचा फोन नंबर होता. तिने केला, तेव्हा त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. तो एवढंच म्हणाला की मीटर समोर असताना भांडत कशाला बसायचं, जाऊन बघू या. सगळे जुने मीटर असलेली इमारत कुठली, असं त्याने विचारलं. तिला एक माहीत होती. तिथे तिची आत्या राहायची.

आई कामावर जायची तेव्हा फुटपट्टीला या आत्यानेच वाढवलेलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. फुटपट्टी महिन्यातून एका रविवारी दुपारी जेवायला जायची. विजेबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या, कारण आयोगाच्या माणसाने नातेवाइकालासुद्धा कंपनी सुचवायची नाही असा नियम होता, आणि फुटपट्टी नियमाने चालणारी. कंपन्यांचे फोन आत्याला यायचे. इतकं गोड बोलणारा माणूस काहीतरी गळ्यात मारल्याशिवाय राहायचा नाही, असं म्हणून ती फोन ठेवून द्यायची. यात तिचं काय चुकलं, हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

फुटपट्टीने आठ दिवसांची रजा टाकली. पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात लाकडी कपाटात इमारतीचे चौदा मीटर होते, तीन नवे आणि अकरा चकतीचे. मोजणीला परवानगी म्हणून अकरा घरांच्या सह्या घेतल्या. सगळ्यांनी एकच विचारलं, पैसे पडणार नाहीत ना? मग काम सुरू झालं. दर अर्ध्या तासाला प्रत्येक मीटरसमोर मिनिटभर उभं राहायचं, चकतीवरची काळी खूण किती वेळा समोरून जाते ते मोजायचं आणि वहीत टिपायचं. सकाळी सहा ते दोन रीडरकाका, दोन ते रात्री दहा ती. पण काका दोनला घरी जायचेच नाहीत. पायरीवर बसून ते चकत्या बघत आणि सांगत, ही तिसऱ्या मजल्यावरची इस्त्री, ही मिक्सर, हा नळाचा पंप. एकदा म्हणाले, आता चौथ्या मजल्यावरचे साहेब अंघोळीला गेले; आणि दहा मिनिटांनी साहेब ओल्या केसांनी खाली उतरले. फुटपट्टी कितीतरी दिवसांनी हसली.

पहिल्याच संध्याकाळी साडेसहाला ती चहा पिऊन परत आली, तेव्हा जिन्यातल्या दिव्याखाली एक खुर्ची मांडलेली दिसली. खुर्चीवर उशी. तिला वाटलं, काकांनी स्वतःसाठी मागून आणली. सातला आत्याचं दार उघडलं. हातात वर्तमानपत्र, नाकावर चष्मा, काखेत विणकाम. भाचीला बघून ती उंबऱ्यातच थांबली. तिच्या पाठीमागे घरात काळोख होता.

“तू अजून इथेच? मला वाटलं गेलीस.”

“आत्या, ही खुर्ची तुझी आहे?”

“इथे हवा येते गं जरा.”

जिन्याला खिडकी नव्हती. काका मीटरच्या कपाटात तोंड घालून काहीतरी फार बारकाईने बघू लागले.

“रोज बसतेस?”

“जिन्यातला दिवा सगळ्या इमारतीचा आहे,” आत्या म्हणाली. “माझाही वाटा आहे त्यात. चोरी करत नाही मी.” आणि येऊन ताठ मानेने खुर्चीवर बसली.

एका दिव्याने बिलात किती फरक पडतो, हे फुटपट्टी दशांशात सांगू शकली असती. पण ते आत्याला सांगून काय उपयोग होता? दरवर्षी बिल वाढतं, का वाढलं ते कुणी सांगत नाही, तेव्हा माणूस हाताला लागेल ते बटण बंद करतो. ही बाई संध्याकाळी दिवासुद्धा लावत नव्हती, आणि कागदावर तिच्या नावाने रोज संध्याकाळी कुणीतरी धुण्याचं यंत्र फिरवत होतं, पाणी तापवत होतं, सगळ्या खोल्या उजळत होतं. ते कागदावरचं घर फुटपट्टीने उभारलं होतं, आणि त्याचं भाडं आत्या भरत होती. फुटपट्टी वहीकडे वळली. चकतीवरची काळी खूण तिला नीट दिसेना, म्हणून पहिली मोजणी काकांनी केली.

आठ दिवसांनी आकडे जुळवले. तक्त्याप्रमाणे संध्याकाळचे चार तास शंभरातले पन्नास. या अकरा घरांत शंभरातले सतरा. तिने रात्रभर उलटसुलट तपासलं, आपल्याच बाजूने चूक होत नाही ना म्हणून मुद्दाम स्वतःच्या विरुद्ध धरलं, तरी दर वाढायचं काही कारण निघेना. उलट गेल्या वर्षीचाच जास्त होता.

आदेश निघण्याआधी एक शेवटची बैठक होते. तिला कंपन्यांचा प्रतिनिधी असतो. ग्राहकांचा नसतो, कारण ग्राहकांसाठी जाहिरात दिलेली असते. फुटपट्टीने अकरा घरांचा कागद अध्यक्षांपुढे ठेवला. वकिलाने तो दोन बोटांनी स्वतःकडे ओढून घेतला.

“अकरा घरं,” तो म्हणाला. “दोन लाख घरांसाठी अकरा?”

“अकरा कमीच आहेत,” ती म्हणाली. “पण याआधी किती होती, तेही विचारा.”

अध्यक्षांनी विचारलं. ती म्हणाली, एकही नव्हतं. वकील म्हणाला, असं कसं, ही आयोगाची अकरा वर्षांची प्रस्थापित पद्धत आहे, आमच्या कंपन्यांनी त्या भरवशावर व्यवहार केले आहेत.

“ती पद्धत नाही. ते माझं एक वाक्य आहे. पावणेसहाला लिहिलेलं, सहाला फाइल द्यायची होती म्हणून. चूक माझी आहे आणि ती मला आता माहीत झाली आहे.”

चूक कबूल करणारा माणूस समोर आला की काय करायचं, याची आयोगाच्या नियमावलीत तरतूद नव्हती. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला सात महिने उरलेला, शांतता हवी असलेला माणूस होता. फुटपट्टीने मागितलं ते एवढंच की दोनशे घरं निवडू द्या, एक हंगाम मोजू द्या, तोवर वाढ थांबवा. ते म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की बघू. यंदा आहे तसं जाऊ द्या. अकरा वर्षांपूर्वी तिनेही स्वतःला हेच सांगितलं होतं, म्हणून तिला त्या शब्दांची चव ओळखीची वाटली.

मग वकिलाने जे बोलायला नको ते बोलून घेतलं. बाजार सगळ्यांना उघडा आहे, तो म्हणाला. ज्यांना साधी योजना निवडायचेही कष्ट नकोत, त्यांच्यासाठी सगळ्यांनी किती थांबायचं? वर हेही ऐकवलं की मूळ दर थोडा टोचलाच पाहिजे, त्याशिवाय लोक हलत नाहीत.

“हा दर हलत नाहीत त्यांच्यासाठीच आहे,” फुटपट्टी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “त्यांनी हलावं म्हणून केलेली शिक्षा नाही ती. आणि ती माणसं आळशी नाहीत. तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबर करतात.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दाखला पुढे सरकवला. हिशेब ज्याने केला त्याने खाली सही करायची, अशी रीत होती: ‘वरील आकडे माझ्या माहितीप्रमाणे बरोबर आहेत.’ तेवीस वर्षं तिने ही सही न वाचता केली होती. आज वाचली. मग पेनाला टोपण लावलं आणि कागद परत सरकवला.

“माझ्या माहितीप्रमाणे नाहीत,” ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस ऑफिसात धावपळ. समजावून झालं, दटावून झालं. सही दुसऱ्याकडून घ्यावी म्हटलं तर हिशेब त्याला पहिल्यापासून करावा लागणार, म्हणजे तीन आठवडे, आणि तारीख दोन दिवसांवर. शेवटी कायदा विभागातल्या एका बाईंना कलम सापडलं. मुदतीत आदेश निघाला नाही, तर गेल्या वर्षीचाच दर पुढे चालू. आयोगाने काहीच निवडलं नाही, तर जे आहे तेच राहणार. कंपन्यांच्या वकिलाने हे अन्यायाचं आहे म्हणून सहा पानी पत्र लिहिलं. काहीच न केल्याचा फटका बसतो तेव्हा कसं वाटतं, हे त्या लोकांना जन्मात पहिल्यांदा कळत होतं.

तारीख उलटली. दर वाढला नाही. फुटपट्टीच्या टेबलावर बंद पाकीट आलं: कर्तव्यात कसूर का समजू नये, याचा सात दिवसांत लेखी खुलासा करावा. अकरा वर्षं चुकीची सही केली तेव्हा कुणी पाकीट पाठवलं नव्हतं. ते पर्समध्ये टाकून ती संध्याकाळी थेट आत्याकडे गेली. वाटेत काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, दोनशे घरं मोजायची झाली तर जुने रीडर सात-आठ तरी अजून चालते-फिरते आहेत, पगार नको, नुसता चहा द्या.

आत्या जिन्यात दिव्याखाली विणत बसली होती. फुटपट्टीने तिला सगळं सांगितलं, ते पावणेसहाचं वाक्यसुद्धा. आत्याने टाके मोजत मोजत ऐकलं.

“म्हणजे इतकी वर्षं तूच,” ती म्हणाली.

“हो.”

आत्याने ओळ पुरी केली. मग विचारलं, “आणि आता बिल कमी होणार?”

“नाही. वाढणार नाही. कमी व्हायला अजून मोजावं लागेल.”

“बरं.”

फुटपट्टी उठली. म्हणाली, चल, खुर्ची आत घेते, आतला दिवा लाव, त्याने काही फारसं बिल येत नाही, मी सांगते ना. आत्याने खुर्चीचा हात सोडला नाही.

“कमी होईल तेव्हा घे आत,” ती म्हणाली. “तोवर राहू दे इथेच.”

फुटपट्टीने काळोखात चाचपडत आतून दुसरी खुर्ची आणली, आत्याच्या शेजारी मांडली, पर्समधून पाकीट आणि कोरा कागद काढला आणि खुलासा लिहायला घेतला. कपाटात अकरा चकत्या जवळजवळ थांबल्या होत्या. आत्याने आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली, कागदावर तिची सावली पडत होती म्हणून.